जुन्या मोटारीची वीज

पावसाची एक संध्याकाळ. पुण्यांतील एका बंगल्याच्या आवारांत वडिलांच्या वेळची मॉरिस मायनर मोटार उभी आहे. घरची मंडळी कपडे करून आंत बसली आहे. आणि यजमानांनीं सेल्फची मूठ ओढतांच इंजिनानें एकदां कण्हून मान टाकली आहे, असें दृश्य श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांसमोर आणावें. दुसरे दिवशीं नवी बॅटरी येते. चार दिवस बरें चालतें आणि पुन्हां तेंच. मग सेल्फ उतरवून दुरुस्तीला जातो. तो धडधाकट निघतो, तरी त्याचे ब्रश बदलले जातात. पुढें कोणी सांगतो कीं वायरिंगच जुनें झालें, आणि डॅशबोर्डच्या खालीं तीन तारा कापून तेथें एकाच लाल रंगाची नवी तार चिकटपट्टीनें जोडली जाते. इतके उपचार होऊनहि मोटार कण्हतेच. मात्र मध्यंतरीं एक नवल घडूं लागतें. सेल्फ ओढला कीं चोकची तार तापते, आणि एके दिवशीं तिच्यांतून धूर निघतो. येथें बहुतेक मालक घाबरून मोटार विकावयास काढतात. वस्तुतः याच क्षणीं मोटारीनें आपलें दुखणें स्वतःच्या तोंडानें सांगितलेलें असतें.

तें समजण्यासाठीं मोटारींतील विजेची वाट आधीं पाहिली पाहिजे. घरांतील दिव्याला दोन तारा येतात; जुन्या मोटारींतील दिव्याला बहुधा एकच येते. परतीचा रस्ता म्हणून मोटारीच्या पोलादी सांगाड्याचाच उपयोग केलेला असतो. बॅटरीचें एक टोंक सांगाड्याला जोडलेलें, दिव्याचेंहि एक टोंक सांगाड्याला टेकलेलें. प्रवाह तारेनें जातो आणि पत्र्यानें परत येतो. यालाच गॅरेजांत ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. तांब्याचा निम्मा खर्च वांचविणारी ही युक्ति मोटार नवी असतांना उत्तम चालते. पण पत्रा गंजतो, त्यावर रंगाचे थर चढतात, बोल्ट ढिले होतात. इंजिन तर रबराच्या ठोकळ्यांवर बसविलेलें असतें, म्हणजे विजेच्या दृष्टीनें तें सांगाड्यापासून अलगच. त्या दोघांना जोडणारी तांब्याच्या वेणीची एक लहानशी पट्टी असते. ती तुटली, गंजली, किंवा इंजिन उतरवून पुन्हां चढवितांना कोणी ती लावावयाची विसरला, कीं सेल्फच्या प्रवाहाला घरीं परतावयाचा रस्ता उरत नाहीं. मग तो मिळेल त्या वाटेनें निघतो. आणि कार्बुरेटरपासून डॅशबोर्डपर्यंत जाणारी चोकची बारीक पोलादी तार ही त्याला आयती सांपडलेली पाऊलवाट. शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह त्या तारेला पेलत नाहीं. ती तापते, आणि सेल्फ उपाशीच राहतो. नव्या बॅटरीनें चार दिवस बरें वाटलें, तें नवी बॅटरी जरा अधिक जोर लावूं शकते एवढ्यामुळेंच.

मायनर हें उदाहरण सोयीचें आहे. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनीं आंखलेली ही मोटार १९४८ सालीं लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली आणि ब्रिटनमध्यें १९७१ पर्यंत तयार होत राहिली. दहा लाखांचा आंकडा गांठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सनें ‘बेबी हिंदुस्थान’ या नांवानें तिचीच आवृत्ति काढली होती. आणि त्याच मॉरिस घराण्यांतील ऑक्सफर्डपासून पुढें अँबॅसडर निघाली, जिचें उत्पादन २०१४ सालापर्यंत चाललें. त्या काळच्या पुष्कळशा ब्रिटिश मोटारींप्रमाणें मायनरची विजेची सामग्री ल्यूकास कंपनीची असे. या कंपनीला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणण्याची थट्टा इंग्रज मोटारप्रेमींत फार जुनी आहे. थट्टा चांगली असली तरी न्याय्य नाहीं. साठसत्तर वर्षांच्या गंजाचा दोष डायनॅमो बनविणाऱ्याच्या माथीं मारणें म्हणजे नळ चोंदला म्हणून विहिरीला बोल लावण्यासारखें आहे.

कामाला हात घालण्यापूर्वीं एक गोष्ट डोळ्यांनीं पाहून घ्यावी लागते: बॅटरीचें कोणतें टोंक सांगाड्याला जोडलें आहे. हल्लींच्या मोटारींत ऋण टोंक जोडतात. १९६० नंतरच्या दशकाचा बराच भाग उलटेपर्यंत कित्येक ब्रिटिश मोटारींत धन टोंक जोडीत, आणि जुनी मायनर त्यांतलीच. बॅटरी बसविणारा कारागीर नव्या गाड्यांवर शिकलेला असतो. संवयीनें तो ऋण टोंक सांगाड्याला लावून मोकळा होतो. दिवे, हॉर्न, सेल्फ यांना दिशेचें सोयरसुतक नसल्यामुळें सर्व कांहीं चालूं लागतें, आणि चूक कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पण डायनॅमोच्या अंगीं मुरलेलें चुंबकत्व जुन्याच दिशेचें असतें. तो भरण्याऐवजीं बॅटरीशीं झगडतो आणि कट-आउटच्या डबींतील संपर्क जळूं शकतात. ठिणगीहि कांहींशी दुबळी होते. हौसेनें नवा रेडिओ किंवा मोबाईलचा चार्जर बसविणाऱ्यांनीं तर ही खात्री केल्यावांचून एकहि तार जोडूं नये. त्या उपकरणांना उलट दिशा मुळींच सोसत नाहीं.

बॅटरीची तार सोडतांना सांगाड्याला लागलेली तार आधीं सोडावी व लावतांना ती शेवटीं लावावी, मग ती धन असो वा ऋण. कारण सरळ आहे. दुसरें टोंक सोडतांना पाना चुकून पत्र्याला टेकला तर बॅटरीचा सगळा प्रवाह त्या पान्यांतून धांवतो. पाना लाल होतो आणि हात भाजतो. भरतेवेळीं बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको, हें सांगावयास नको. टोंकांवर सांचलेली पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानें धुवावी. तें पाणी मात्र बॅटरीच्या घरांत जातां कामा नये. मग टोंकें घासून, आंवळून, वरून व्हॅसलीन लावावें. रात्रभर विसावलेल्या चांगल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टांच्या आसपास दिसतो, १२.२ दिसला तर ती निम्मी रिकामी समजावी. हायड्रोमीटर असेल तर सहाहि घरांची घनता मोजून पाहावी. आंकडा थोडा वर-खालीं असल्याचें विशेष नाहीं. पण पांच घरें एकसारखीं आणि सहावें बरेंच खालीं असें आढळलें तर त्या बॅटरीचे दिवस भरले. महिनोन्महिने पांघरूण घालून ठेवलेल्या मोटारीची बॅटरी न वापरतांहि उतरत जाते, आणि उतरलेल्या स्थितींत राहिली तर तिच्या पत्र्यांवर कठीण थर बसून ती कायमची निकामी होते. दर रविवारीं दोन मिनिटें इंजिन चालविण्याचा प्रघात आहे, त्यानें भलें होत नाहीं. सेल्फनें घेतलेलें तेवढ्यांत भरून येत नाहीं. त्यापेक्षां तासभर फिरवून आणावी, किंवा बाहेरून भरावी.

बॅटरी चांगली ठरल्यावर दोष शोधण्याचें खरें साधन म्हणजे व्होल्टमीटर. हल्लीं तो मल्टिमीटराच्या रूपानें थोडक्या पैशांत मिळतो. लहान दिवा लावून ‘येथपर्यंत वीज येते’ असें ठरविण्याची जी सर्वत्र रूढि आहे ती फसवी आहे. खराब सांध्यांतूनहि लहान दिव्यापुरता प्रवाह सहज जातो. त्या सांध्याची लबाडी उघडकीस येते ती जड काम पडल्यावर. सेल्फ १५० अँपिअर ओढीत असतांना वाटेंत ओहमच्या शंभराव्या हिश्शाएवढा विरोध असला तरी दीड व्होल्ट तेथेंच खर्ची पडतो. बारा व्होल्टांतील आठवा भाग एका मळक्या बोल्टानें खाल्ला! म्हणून मोजमाप करावयाचें तें काम चालू असतांना. इंजिन सुरू होऊं नये म्हणून कॉईलची बारीक तार सोडून ठेवावी. मीटरची एक सळई बॅटरीच्या सांगाड्याकडील शिशाच्या खुंटावर, क्लॅम्पवर नव्हे तर प्रत्यक्ष खुंटावर, आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवावी. आणि मग दुसऱ्यानें सेल्फ ओढावा. आंकडा पाव व्होल्टाच्या आसपास राहिला तर परतीचा रस्ता साफ आहे. एक-दोन व्होल्ट दिसले तर चोर त्या दोन सळयांच्या मध्यें कोठें तरी बसलेला आहे. मग एकेक मुक्काम घ्यावा: खुंटापासून क्लॅम्पपर्यंत, क्लॅम्पपासून पत्र्यापर्यंत, पत्र्यापासून इंजिनापर्यंत. ज्या टप्प्यांत आंकडा उसळतो तो टप्पा दोषी. जाणाऱ्या बाजूसहि, बॅटरीपासून सेल्फच्या स्विचपर्यंत आणि स्विचच्या आरपार, हीच परीक्षा करतां येते. या सर्वांस दहा मिनिटें लागतात आणि एकहि सुटा भाग विकत घ्यावा लागत नाहीं. आरंभीच्या बंगल्यांत ही दहा मिनिटें कोणी खर्च केलीं नाहींत.

मिणमिणत्या दिव्यांचेंहि असेंच आहे. दिव्याच्या तारेचा प्रकाश दाबाच्या प्रमाणांत कमी होत नाहीं. तो त्याहून फार वेगानें ढळतो. दाब दहा टक्के उतरला तर प्रकाश जवळजवळ तीस टक्के उतरतो. मायनरच्या पुढच्या दिव्याला साडेतीन अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, आणि त्याची परतीची वाट मडगार्डच्या पत्र्यांतून किंवा दिव्यामागील एका स्क्रूखालून असते. मडगार्ड नव्यानें रंगवून घेतल्यानंतर दिवे मंद झाले, ही तक्रार म्हणून ऐकूं येते. रंगाऱ्यानें आपलें काम चोख केलें. त्यानें स्क्रूखालचा पत्राहि रंगविला. याहून गमतीचें लक्षण मागच्या दिव्यांचें. ब्रेकवर पाय दिला कीं थांबण्याचा दिवा धड पेटत नाहीं, आणि भलताच दिवा मंद उजळतो. लोक याला ‘वायरिंग शॉर्ट झालें’ म्हणतात. प्रत्यक्षांत त्या दिव्यांची सामाईक अर्थ तुटलेली असते, आणि ब्रेकच्या दिव्याचा प्रवाह शेजारच्या दिव्याच्या तारेंतून उलटा शिरून दुसऱ्या बाजूनें परततो. एकच स्क्रू काढून, खालचा पत्रा कांचकागदानें चकचकीत करून, पुन्हां आंवळला कीं हा भूतबाधेचा प्रकार थांबतो.

डॅशबोर्डवरील लहान तांबडा दिवा हा एका बाजूनें बॅटरीकडे आणि दुसऱ्या बाजूनें डायनॅमोकडे पाहत असतो. दोहोंकडील दाबांत फरक असला कीं तो पेटतो. दाब सारखा झाला कीं विझतो. किल्ली फिरविल्यावर तो पेटलाच नाहीं तर आनंद मानण्याचें कारण नाहीं. दिवा गेला असेल किंवा त्याची वाट तुटली असेल. मोटार वेगांत असतां तो एकाएकीं लख्ख पेटला तर प्रथम पट्टा आठवावा, कारण मायनरमध्यें डायनॅमो फिरविणारा पट्टाच पंखा आणि पाण्याचा पंप फिरवितो. अशा वेळीं ‘पुढच्या गांवीं पाहूं’ म्हणणाऱ्यास पुढच्या गांवीं इंजिनच नवें पाहावें लागण्याचा संभव असतो. पट्टा शाबूत असेल तर डायनॅमोवरील दोन्ही तारा सोडून, त्याचीं ‘डी’ आणि ‘एफ’ हीं टोंकें एका तुकड्यानें जोडून, तेथें व व सांगाड्याला व्होल्टमीटर लावावा आणि इंजिनाचा वेग हलकेच वाढवावा. दाब झपाट्यानें चढला तर डायनॅमो निर्दोष आहे. २० व्होल्टांपुढें मात्र नेऊं नये. कांहींच आलें नाहीं तर ब्रश पाहावे. अर्धा-एक व्होल्टावर अडला तर चुंबकाच्या वेटोळ्यांत, आणि चार-पांच व्होल्टांवर अडला तर फिरत्या भागांत दोष असण्याचा संभव असतो. ब्रश झिजल्यावर बदलावयाचेच असतात, आणि मागील बेअरिंगला मधूनमधून तेलाचे दोन-चार थेंब हवे असतात. ओतलें तर तें ब्रशांवर जातें. एवढीच त्याची मागणी. कट-आउटच्या डबींतील स्क्रू मात्र अंदाजानें पिळूं नयेत. तो उद्योग करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतून शिजलेल्या बॅटऱ्याहि पुष्कळ आहेत.

डायनॅमोची मिळकत बेताची असते हें मालकानें कधीं विसरूं नये. मायनरच्या डायनॅमोची शिकस्त वीस अँपिअरच्या आसपास, तीहि चांगल्या वेगांत. पुढचे दोन दिवे सात, बाजूचे व मागचे मिळून दोन, ठिणगीचे तीन-चार, पुसण्याचे दोन-तीन, म्हणजे पावसाळी रात्रीं पंधराच्या घरांत खर्च ठरलेला. आणि वाहतूक खोळंबून इंजिन नुसतें गुरगुरत उभें असतां मिळकत शून्य. १९५० सालीं मुंबईहून पुण्यास निघालेल्या मोटारीला अशी सक्तीची विश्रांति फारशी मिळत नसे. आज दादरहून अंधेरीस जातांना तासभर मिळते. त्यांत ज्यानें जादा झोताचे दिवे आणि कर्णकर्कश हॉर्न लावले आहेत, त्याची बॅटरी सकाळीं उतरलेली आढळली तर डायनॅमोला बोल लावूं नये. खोळंब्यांत पुढचे मोठे दिवे मालवून बाजूच्यांवर राहणें हा जुन्या चालकांचा उपाय अजून खरा आहे. बॅटरी उतरलीच तर मायनरला हँडल आहे. तें मारतांना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, मुठीभोंवतीं वळवूं नये. इंजिनानें उलट झटका दिला तर तोच अंगठा मोडतो.

मोटार चालतां चालतां बंद पडली तर दोन शक्यतांचा निवाडा तेथेंच करावा लागतो: ठिणगी गेली कीं पेट्रोल. मायनरचा पेट्रोलपंप विजेचा आहे, आणि तो बोलका आहे. किल्ली फिरवितांच थोडें टिकटिकून तो स्वस्थ बसला तर सर्व ठीक. टिकटिक थांबतच नाहीं तर टांकी रिकामी आहे किंवा नळींत हवा शिरली आहे. मुळींच टिकटिकला नाहीं आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीचा हलका टोला देतांच सुरू झाला, तर त्याचे संपर्क जळले आहेत. टोला घरीं पोंचवील, दुरुस्ती नव्हे. ठिणगीच्या बाजूस पॉइंटमधील अंतर ०.०१५ इंचाच्या आसपास ठेवावें लागतें. पॉइंटवर मोठी निळी ठिणगी उडत असेल, किंवा गार असतां चालणारी मोटार तापल्यावर बंद पडून अर्ध्या तासानें पुन्हां सुरू होत असेल, तर कंडेन्सरचा संशय घ्यावा. उन्हाळ्यांत पेट्रोलची नळींतच वाफ होऊन अगदीं हेंच लक्षण उद्भवतें. म्हणून ठिणगी पाहावयाची ती मोटार थांबल्याबरोबर, गार झाल्यावर नव्हे. येथें एक उलटा सल्ला द्यावा लागतो. जुना रोटर आणि जुना कंडेन्सर चालत असेल तर ‘आतां नवाच घालूं’ म्हणून तो फेंकूं नये. अलीकडच्या कांहीं नकली रोटरांतून ठिणगी आंतल्या आंत दांड्याकडे फुटते, आणि नवा भाग घातल्याच्याच दिवशीं मोटार अडते. काढलेला चांगला भाग कागदांत गुंडाळून मोटारींतच ठेवावा.

एवढा वेळ अडचणीचें बोलणें झालें. आगीचा विषय वेगळा आहे. मायनरच्या मूळ रचनेंत फ्यूज दोनच. हॉर्न, पुसणी, ब्रेकचे दिवे अशीं कामें त्यांच्या मागें आहेत. पुढचे दिवे आणि ठिणगी यांना फ्यूजच नाहीं. तेथील तार सांगाड्याला घासली तर बॅटरी हात राखून देत नाहीं. तार लाल होते आणि शेजारच्या सर्व तारांचें रबर पेटवीत जाते. मूळ तारांवर रबर आणि वर सुताचें आवरण असे. आज तें रबर बोटानें वांकवितांच तडकतें. त्यांत आपल्याकडील उंदीर. बॉनेटखालची ऊब त्यांना मानवते. फ्यूज उडाला असतां सिगारेटच्या पाकिटांतील चंदेरी कागद गुंडाळून वेळ मारून नेणें हें शौर्य नव्हे, घात आहे. ल्यूकासच्या जुन्या फ्यूजवरील ३५ हा आंकडा तो कोणत्या प्रवाहाला उडतो याचा असे. सतत वाहण्याचा आंकडा त्याच्या निम्माच. हल्लींचे सर्वसाधारण फ्यूज दुसऱ्या रीतीनें मोजतात. म्हणून ‘३५ चा द्या’ असें दुकानांत सांगून आणलेला फ्यूज दुप्पट ढिला पहारेकरी ठरतो. बॅटरीच्या सांगाड्याकडील तारेवर एक तोडस्विच बसविणें हा शंभर उपायांतला एक उपाय आहे. मोटार ठेवतांना तो फिरवावा, आणि धूर दिसतांच, कारण शोधण्याच्या आधीं, फिरवावा.

तारा बदलावयाच्याच झाल्या तर मूळ रंगांत बदलाव्या. या मोटारींत तपकिरी तार थेट बॅटरीची, पांढरी किल्लीनंतरची, हिरवी फ्यूजपुढची, निळी पुढच्या दिव्यांची, तांबडी बाजूच्या दिव्यांची आणि काळी अर्थची. हा ठराव माहीत असलेला माणूस अनोळखी मोटारीचें बॉनेट उघडून पांच मिनिटांत वाट काढतो. मूळ रंगांचे, सुती वेणीचे तयार जुडगेहि अजून मिळतात. एका लाल तारेनें तीन ठिकाणीं जोडकाम करणारा कारागीर आपला अर्धा तास वांचवितो आणि पुढच्या प्रत्येकाचे दोन दिवस घेतो. २०२१ सालच्या केंद्रीय नियमांनीं पन्नास वर्षांवरील, मूळ रूपांत राखलेल्या मोटारींना ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंद मिळूं लागली आहे. तेव्हांपासून अशा मोटारींची बाहेरची चकाकी वाढली आहे. डॅशबोर्डखालीं डोकावून पाहिलें तर मात्र चिकटपट्टीच अधिक दिसते.

त्या बंगल्यांतील मोटारीला अखेर वेणीची नवी पट्टी बसते. दोन्ही ठिकाणचा रंग व गंज घासून धातु उघडा केला जातो, बोल्ट आंवळले जातात, मीटर लावून पाहतां पाव व्होल्टहि खर्च होत नाहीं, आणि सेल्फ ओढतांच इंजिन फिरतें. चोकची तार मात्र नवी घालावीच लागते. तापून तिचें आवरण आंत चिकटलेलें असतें आणि ओढलेली मूठ परत जात नाहीं. शिवाय डॅशबोर्डखालच्या त्या तीन कापलेल्या तारा आहेतच. त्या तपकिरी, पांढरी आणि हिरवी अशा होत्या. आतां तिन्ही लाल आहेत.